सशाचं काळीज

मराठी गोष्टींमध्ये सशाच्या वाट्याला फारसं बरं काही आलेलं नाही. पाठीवर पान पडलं तरी आभाळ कोसळलं म्हणत तो पळत सुटतो. शर्यतीत कासवाकडून हरतो, तेही वाटेत डोळा लागला म्हणून. एकदाच काय तो त्याने सिंहाला विहिरीत उडी मारायला लावली, पण ते श्रेयही अकलेच्या खाती जमा झालं, शौर्याच्या नाही. भित्र्या माणसाचं काळीज आपण अजून सशाचंच मानतो. असा हा प्राणी एके दिवशी दूरदर्शनच्या पडद्यावर आला, त्याने पापड खाल्ला आणि दात दाखवत असा काही खिदळला, की आमच्या चाळीतली पोरं पुढे कित्येक दिवस तसंच खिदळत जिने उतरायची.

लिज्जत पापडचा ससा. दिसायला काही देखणा नव्हता. कापडाचा, केसाळ, लांब कानांचा, आणि दात जरा जास्तच पुढे. ससा पापड कशाला खाईल, हा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला नाही. पापड विकायला एखादा पहिलवान उभा करता आला असता, नटी उभी करता आली असती. पण उभा राहिला ससा, आणि तो निर्लज्जपणे आनंदी होता. भित्र्या जातीचा कुणीतरी इतका मोठ्याने हसतोय, याचीच आम्हाला मजा वाटत असावी.

त्या सशाला मी गिरगावकर मानतो, कारण ज्या पापडासाठी तो हसला तो गिरगावातला. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासातल्या सात बायका गच्चीवर जमल्या आणि त्यांनी पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ती विकायला गेली. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद. पुढच्या पावसाळ्याला त्यांनी खाट आणली, खाटेवर पापड पसरले आणि खाटेखाली स्टोव्ह पेटवला. त्या खोलीत रॉकेल, हिंग आणि मिरी यांचा मिळून कसा वास कोंडला असेल, हे गिरगावच्या खोल्या पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. आज त्या संस्थेत ४५,०००च्या आसपास बायका आहेत आणि सगळ्या मालकिणी आहेत. सातांपैकी एक, जसवंतीबेन पोपट, यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. बासष्ट वर्षं उशिरा, पण झाली.

आमच्या मजल्यावरच्या एक काकू हे काम करायच्या. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घेऊन येत, दुपारी पोळपाटावर लाटत, वाळवत, आणि दुसऱ्या दिवशी पापड देऊन पैसे घेऊन येत. लाटताना त्यांचं लक्ष लाटण्याकडे नसायचंच. कड अंगठ्याने चाचपली की जाडी कळायची. एरवी त्या कुणाशी मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. नवऱ्यासमोर तर नाहीच. पण टीव्हीवर ससा हसायला लागला की काकू पदर तोंडाला लावून हसायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, “बघा रे, आमचा माणूस आला.”

हा ‘माणूस’ घडवला रामदास पाध्ये यांनी. पाध्यांचं घराणं बोलक्या बाहुल्यांचं. वडील यशवंत केशव पाध्ये, म्हणजे प्रोफेसर वाय. के. पाध्ये, यांनी अर्धवटराव नावाचा बाहुला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रंगमंचावर आणला. रामदास पाध्ये १ मे १९६७ रोजी पहिल्यांदा तो बाहुला घेऊन लोकांसमोर उभे राहिले. शिक्षणाने ते अभियंते. त्यांचे चिरंजीव सत्यजित सनदी लेखापाल, आणि तेही बाहुल्यांचे खेळ करतात. म्हणजे एकाच अर्धवटरावाने एका घराच्या तीन पिढ्या पाहिल्या. आवडाबाई ही त्याची बायको. माणसं म्हातारी झाली, हात बदलले, हा मात्र आहे त्याच वयाचा राहिला. आपल्याकडे एवढा दीर्घकाळ काम केलेला दुसरा नट मला तरी माहीत नाही. शिवाय मानधनावरून कधी भांडण नाही.

मराठी रंगभूमी आणि बाहुल्या यांचं नातं तसं जुनंच आहे. ज्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्यांनी त्या जुन्या बाहुल्यांना पुन्हा हलतं केलं. माणसांचं नाटक लिहिणाऱ्याने आधी लाकडाला नाचवून बघावं, हे मला शहाणपणाचं वाटतं. लाकूड निदान पाठांतर विसरत नाही.

अर्धवटराव करतो काय? तर उद्धटपणा. समोर बसलेल्या मंत्र्याला, पाहुण्यांना, पहिल्या रांगेतल्या टकलू गृहस्थांना जे कुणी बोलणार नाही ते तो बोलतो. आणि शेजारी उभा असलेला सभ्य माणूस ओशाळून म्हणतो, अरे असं बोलू नये. सभागृह हसतं. ज्याला बोलणं लागलं तोही हसतो. खरं म्हणजे बोलला कोण, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही राग कुणी त्या सभ्य माणसावर काढत नाही. ही सवलत आपण बाहुल्याला का देतो?

या कलेला शब्दभ्रम म्हणतात. आवाज फेकतात अशी समजूत आहे. आवाज कुठेही जात नाही. करून बघायचं असेल तर आरशासमोर उभे राहा, ओठ किंचित उघडे ठेवा, हलू देऊ नका आणि ‘पापड’ म्हणा. फार तर ‘तातड’ येईल. प, फ, ब, भ, म ही सगळी ओठांची अक्षरं, आणि ओठ तर मिटायचे नाहीत. म्हणून शब्दभ्रमकार चोरी करतो. ‘प’च्या जागी जिभेने ‘त’सारखं काहीतरी, ‘ब’च्या जागी ‘द’, ‘म’च्या जागी ‘न’, आणि नेमक्या त्याच क्षणी बाहुल्याचा जबडा उघडतो. कान ‘तातड’ ऐकतो, डोळा हलणारा जबडा बघतो, आणि मन दोघांत तडजोड करून ‘पापड’ ऐकतं. मराठीत तर ही पंचाईत फार. बाबा, मामा, मामी, मावशी, भाऊ, बहीण, सगळे ओठांवर. बाहुल्याला नातेवाईक परवडत नाहीत.

पापड खाणाऱ्या सशाला ही अडचण नव्हती, कारण त्याला चालवणारा हात पडद्याआड होता आणि आवाज नंतर भरता येत होता. पण मंचावर उघड्या प्रकाशात, प्रेक्षकांच्या नजरेसमोर, एक हात बाहुल्याच्या पाठीत घालून उभं राहायचं म्हणजे वेगळीच गोष्ट. त्या हाताची बोटं दोऱ्यांवर, कळांवर. एका कळेने डोळे फिरतात, दुसरीने तोंड. खांदा अवघडतो, चेहरा मात्र ऐकणाऱ्याचा ठेवायचा. स्वतःच बोलायचं आणि स्वतःच नवल करायचं. बाहुल्याचा हजरजबाबीपणा लोकांच्या लक्षात राहतो, पण मी प्रयोग बघतो तेव्हा त्या ऐकणाऱ्या चेहऱ्याकडे बघतो. खरा अभिनय तिथे चाललेला असतो.

अमेरिकेत एडगर बर्गन नावाचे असेच एक कलाकार होते. चार्ली मॅकार्थी हा त्यांचा बाहुला १९३७पासून चक्क रेडिओवर गाजला. रेडिओवर शब्दभ्रम! ओठ हलतात की नाही हे कुणाला दिसणारच नव्हतं. तरी लोक आठवड्याच्या आठवड्याला कान लावून बसत, कारण त्यांना करामत ऐकायचीच नव्हती, चार्ली ऐकायचा होता. बर्गन यांची मुलगी कँडिस पुढे नामवंत अभिनेत्री झाली. लहानपणी मात्र लोक तिला चार्लीची बहीण म्हणत. बाहुल्याची बहीण म्हणून वाढणं काही सोपं नसावं. चार्ली आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, काचेआड, आणि अर्थातच गप्प. आपला अर्धवटराव अजून कामावर आहे, याचं मला अशा वेळी बरं वाटतं.

पाध्यांच्या हातून सशाखेरीज आणखी एक प्रसिद्ध बाहुला घडला, आणि तो सशाच्या अगदी उलट. तात्या विंचू. महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. मी तो लालबागच्या भारतमाताला पाहिला. मागच्या रांगेतला एक दांडगा गिरणगावकर तात्या विंचू पडद्यावर आला की पाय खुर्चीवर घ्यायचा. मोठा माणूस, पण हातभर लांबीच्या बाहुल्याला पाय द्यायला तयार नव्हता. मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८च्या इंग्रजी चित्रपटाची. पण कोठाऱ्यांनी एक फार मराठी गोष्ट केली. बाहुला त्यांनी कुणा लहान मुलाच्या हाती दिला नाही, एका शब्दभ्रमकाराच्या हाती दिला. लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा साधा, घाबरट तरुण. ज्याच्या तोंडी त्याने शब्द घालायचे तो बाहुला स्वतःचंच बोलू लागतो. कलावंताला याहून मोठं भय कुठलं असणार? आणि सांगायला जावं तर कुणी विश्वास ठेवत नाही. बाहुला बोलला असं बाहुलेवालाच सांगतोय म्हटल्यावर कोण ठेवणार!

लक्ष्मीकांत बेर्डे गिरगावचे. केळेवाडीतल्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता ते नाटकात शिरले. त्यांचा लक्ष्या मला मराठी चित्रपटातला सर्वांत हळवा नायक वाटतो. तो ओरडतो, लपतो, रडकुंडीला येतो, आणि यातलं काहीच झाकत नाही. इन्स्पेक्टर महेश जाधव पिस्तूल रोखून उभा असतो, पण थिएटरातली पोरं जीव टांगणीला लावून बसतात ती लक्ष्यासाठी. आणि तात्या विंचू? मोठेपणी पुन्हा पाहिला तेव्हा त्या खुनशी बाहुल्याचीही थोडी दया आली. गुंड खरा, पण त्याचं दुःखही खरंच आहे. अडकलाय तो. कापड-लाकडाच्या देहात त्याला राहायचं नाही, माणसात परतायचंय, आणि वेळ संपत चाललीय. त्याला आवाज दिला दिलीप प्रभावळकरांनी. ऐका पुन्हा कधीतरी. त्या आवाजात दरारा आहे तसा एक किरकिऱ्या, हट्टी, अडकलेल्या पोराचा सूरही आहे.

प्रभावळकरांचा हा सूर दादर-गिरगावच्या मुलांच्या कानांना मुळीच नवा नव्हता. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण त्यांनीच गाजवलेली. मराठी बालरंगभूमीची गोष्टही गिरगावातच सुरू होते. सुधा करमरकरांनी साहित्य संघाच्या आधाराने मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं ते १९५९ साली. गच्चीवर पापड लाटायला घेतले तेच वर्ष. एकाच गिरगावात, काही गल्ल्यांच्या अंतरावर, हे दोन्ही उद्योग एकाच वर्षी सुरू झाले, आणि दोन्ही ठिकाणी पुढाकार बायकांचा. गिरगावला स्वतःच्या अशा गोष्टी मिरवता येत नाहीत. मिरवण्यासारखं म्हणून सगळे चौपाटीकडेच बोट दाखवतात.

मे महिन्यात दादरच्या शिवाजी मंदिरला बालनाट्याचा प्रयोग बघायला बसा. मंचाकडे थोडं कमी बघा आणि मुलांकडे जास्त. चेटकीण मागून पाय न वाजवता येते. नायक बिचारा फुलं वेचतोय. पहिल्यांदा एकच मूल कुजबुजतं. मग तिसऱ्या रांगेतून कुणी ओरडतं, “मागे बघ!” आणि क्षणात सगळं सभागृह उभं. घरी अंधाऱ्या मोरीत एकटं जायला घाबरणारी, आईच्या ओढणीचा पदर न सोडणारी पोरं खुर्चीवर चढून चेटकिणीला दम देत असतात. नायक जर तलवार उपसून सावध उभा असता तर ही पोरं चिवडा खात बसली असती. तो बेसावध आहे, भोळा आहे, म्हणून ती शूर होतात. मंचावरचा जितका घाबरट, तितका खालचा धीट. बालनाट्यवाल्यांना हे गणित चांगलं ठाऊक असतं. मोठ्यांसाठी लिहिणारे का विसरतात कोण जाणे, त्यांचे नायक सदा छाती काढून उभे.

दादरहून दक्षिणेला निघालं की लालबागचा उड्डाणपूल लागतो. खाली जून-जुलैपासून गणपती घडवणाऱ्या मूर्तिकारांच्या मांडवांत काम चालू असतं. मूर्ती दोन फुटांची असो की वीस फुटांची, डोळ्यांची आखणी शेवटी. तोवर ती माती किंवा प्लॅस्टर. मांडवातली मुलं तिच्या पायांशी बसून डबा खातात, हातावर शर्ट वाळत घालतात. डोळे आखले की तीच मुलं जरा अंग चोरून वावरायला लागतात. पुढे प्राणप्रतिष्ठा होते, दहा दिवसांनी उत्तरपूजा होते आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. जीव घालण्याचा आणि काढून घेण्याचा असा रीतसर विधी असलेला हा समाज आहे. निर्जीव वस्तूत प्राण फुंकणं आम्हाला चमत्कार वाटत नाही, ते दरवर्षीचं काम आहे. तरी विसर्जनाच्या रात्री ढोल वाजवून हात सोललेले गडी चौपाटीवर ढसाढसा रडतात, त्याला विधीत कुठे जागा दिलेली नाही.

याच लालबागमध्ये माझ्या एका मित्राचं बालपण गेलं. वडील गिरणीत साचेवाले. गिरणीतून मिळणाऱ्या कापडाच्या तुकड्यांची आईने बाहुली शिवली होती. आत सुताचे गुंते आणि जुन्या गादीतला कापूस, डोळ्यांना सदऱ्याची दोन बटणं, एक पांढरं, एक तपकिरी. त्यामुळे बाहुली कायम थोडी तिरकी बघायची. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संप संपल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. मित्राचे वडील आधीच कमी बोलणारे, ते अगदीच गप्प झाले. घरातली भांडी एकेक कमी होऊ लागली. एका संध्याकाळी त्यांनी बाहुली मांडीवर घेतली आणि तोंड तिच्या मागे धरून बारीक आवाजात मुलीला म्हणाले, “अगं, यंदा शाळेचे बूट जुनेच घाल हं.” मुलगी दुसरीत. ती बापाकडे न बघता बाहुलीला म्हणाली, “बाबांना सांग, मला बूट चावतातच. मी चपलाच घालणार.”

त्यानंतर त्या घरात कठीण बोलणी बाहुलीमार्फत होऊ लागली. फी भरायला उशीर होणार, गावाला जायचं नाही, आजीच्या पाटल्या गेल्या. बापाला शब्दभ्रम वगैरे काही येत नव्हतं, ओठ चांगले दिसायचे. बघायचं नाही असं मुलांनीच ठरवलेलं. मित्र सांगतो, बाबांनी आम्हाला समोर बसवून हे सांगितलं असतं तर आम्ही रडलो असतो. पण बाहुली इतकी बिचारी होती की तिला धीर द्यावा लागायचा. आईने पुढे जेवणाचे डबे करायला घेतले, वडील एका इमारतीवर पहारेकरी म्हणून लागले. जिथे त्यांचे साचे होते तिथे आता काचेची इमारत आहे.

बाहुलीच्या मानाने कापडी अस्वलाचा जगातला इतिहास फार जुना नाही. १९०२ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले आणि बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर व्यंगचित्र काढलं, ब्रुकलिनच्या मॉरिस मिक्टम या दुकानदाराने ते पाहून कापडी अस्वल शिवलं आणि त्याला अध्यक्षांचं लाडाचं नाव दिलं. त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ कंपनीही तसंच अस्वल करत होती. म्हणजे जगभरच्या पोरांच्या कुशीतल्या या प्राण्याचा मूळपुरुष झाडाला बांधलेला आणि मार खाल्लेला. पराक्रमी अस्वल कुणी शिवलं नाही.

डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने पुढे १९५१ साली मूल अशा वस्तूला का बिलगतं याची मीमांसा केली. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधल्या पट्ट्यात मूल एखादी वस्तू धरून ठेवतं, चादरीचं टोक, कापडी अस्वल, काहीही. ती वस्तू मुलाने निर्माण केली की त्याला सापडली, हा प्रश्न त्याला विचारायचा नसतो. विनिकॉट यांचं हे म्हणणं मला फार सभ्य वाटतं. आपल्याकडच्या आज्यांनी निबंध न लिहिता ते पाळलं. नातवाच्या हातातला जुन्या लुगड्याचा कळकट तुकडा धुवायला घेतला तर तो वास जाईल आणि रात्रभर कुणी झोपणार नाही, हे त्यांना कळत होतं.

या सगळ्याचा खरा कस लागतो तो परळला. एका चौकाच्या आसपास केवढी रुग्णालयं! केईएम १९२६चं, मुलांचं वाडिया १९२९चं, टाटा १९४१चं. पदपथावर ताडपत्रीखाली संसार मांडलेली कुटुंबं दिसतात, कुणी जळगावचं, कुणी बिहारचं. ज्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते ते नशीबवान. या गर्दीत लहान मुलं असतात, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, आणि पुष्कळांच्या काखेत एखादं खेळणं. स्टेशनबाहेर ढिगाने विकतात तसलं, फुगीर पोटाचं, शिवण उसवत आलेलं.

एका नातेवाइकाच्या मुलाला घेऊन इथल्या एका वॉर्डाबाहेर बसलो असताना पाहिलेलं सांगतो. पाच-सहा वर्षांची मुलगी, काखेत अस्वल. रक्त घ्यायला सिस्टर आल्या. मुलीने हात मागे लपवला. सिस्टरनी वाद घातला नाही. खुर्ची ओढून बसल्या, अस्वलाचा हात धरला, दंडाला रबरी पट्टा बांधला, कापसाने पुसलं आणि विचारलं, “याला फार भीती वाटतेय का?” मुलीने मान हलवली. हो, फार. सुई न लावलेली सिरिंज अस्वलाच्या हाताला टेकली. मुलगी खाली वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, “रडू नको हं, मुंगी चावल्यासारखं होतं.” मग तिने आपला हात पुढे केला. सुई गेली तेव्हा तिने ओठ घट्ट मिटले होते, पण दुसरा हात अस्वलाच्या डोळ्यांवर होता. त्याने बघू नये म्हणून. नंतर सिस्टरनी दोन चिकटपट्ट्या काढल्या, एक तिला, एक त्याला. वहीत नोंद मात्र एकाच रुग्णाची झाली.

ती बरी झाली का, मला माहीत नाही. दिवसभरात त्या सिस्टर असे किती प्राणी तपासत असतील आणि त्यासाठी लागणारी जास्तीची पाच मिनिटं कुठून आणत असतील, हा विचार मात्र बरेच दिवस पाठ सोडत नव्हता. रुग्ण इतके, हात इतके थोडे. तरी अस्वलाला विचारायला त्या चुकल्या नाहीत.

वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत निघालेली जुनी मऊ खेळणी दयेपोटी या रुग्णालयांत नेऊन देऊ नका. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती इतकी खाली आलेली असते की खेळण्यातली धूळ आणि बुरशीही त्याला आजारी पाडू शकते. द्यायचंच असेल तर नवं द्या, पाकीट न फोडलेलं, आकाराने लहान, गरम पाण्यात धुता येईल असं, आणि डोळे धाग्याने शिवलेले, मणी किंवा बटणं नकोत. आणि नेण्याआधी तिथल्या समाजसेवा विभागात किंवा वॉर्डातल्या सिस्टरना विचारा. कोणत्या मुलाला काय चालतं, हे त्यांनाच ठाऊक असतं.